बटाईनं दिलेलं आणि विकलेलं

घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा वीज पेटली. निमित्त स्मार्ट मीटरचं. नाना, माझे मोठे चुलतभाऊ, जळगावात दुकान चालवतात. त्यांचं म्हणणं : एकदाचं सगळं खासगी करून टाका, निदान कोणी फोन तरी उचलेल. अमळनेरकडच्या आमच्या खेड्यातून काकांचं उत्तर आलं : खासगीवाला शेतातल्या मोटारीला रात्रीची तरी वीज देईल का? जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाविरुद्ध संप केला आणि तो पहिल्याच दिवशी मिटला, तेव्हाही हाच वाद, हेच दोघं. शेवटी मोर्चा माझ्याकडे वळतो. 'तुमच्याकडे तर सगळं खासगीच आहे, तूच सांग.'

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे पाणीसुद्धा खासगी आहे. 1989 साली थॅचरबाईंच्या सरकारनं इंग्लंड आणि वेल्समधली दहा सरकारी जल प्राधिकरणं शेअर बाजारात विकली. धरणं, जलवाहिन्या, गटारं, शुद्धीकरण केंद्रं, सगळं. विकण्याआधी त्यांच्यावरचं सुमारे 5 अब्ज पौंडांचं कर्ज सरकारनं माफ केलं, वर दीड अब्ज पौंड हातावर ठेवले. लेक सासरी पाठवताना देतात तसं.

नळाला चोवीस तास पाणी येतं आणि ते तसंच पितो, हे मी नाकारत नाही. जळगावची सुट्टी संपवून आलो की दोन दिवस रिकामी बादली दिसली तरी भरून ठेवावीशी वाटते. पण शेजारच्या स्कॉटलंडमध्ये पाणी सरकारीच राहिलं, आणि तिथल्याही नळाला चोवीस तास पाणी आहे. तेव्हा ते श्रेय खासगी मालकाचं म्हणावं तर अवघड.

लंडन आणि आसपासचा भाग ज्या थेम्स वॉटरकडे आहे, तिची गोष्ट नानांना मी दोनदा सांगितली. विकली तेव्हा कर्ज जवळजवळ शून्य. 2006 ते 2017 मॅक्वायरी या ऑस्ट्रेलियन बँकेच्या गटाकडे मालकी होती. त्या काळात कर्ज 3 अब्जांच्या घरातून 10 अब्ज पौंडांच्या वर गेलं, आणि भागधारकांना लाभांशही मिळत राहिला. मे 2025 मध्ये पाणी कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामकानं या कंपनीला 12 कोटी 27 लाख पौंडांचा दंड केला. त्याच नियामकानं त्याआधी डिसेंबर 2024 मध्ये पाच वर्षांत बिलं सरासरी 36 टक्के वाढवायला सगळ्या कंपन्यांना परवानगी दिली होती. महागाईची वाढ वेगळी. माझं घर दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत आहे, पण म्हणून मी कंपनी निवडली असं नाही. घरात येणारी नळी एकच. दुकान बदलता येत नाही तिथे स्पर्धा कसली, एवढंच नानांना दुकानदार म्हणून विचारलं. ते म्हणाले, 'मग सरकार काढून का नाही घेत?'

इथे मला आमचं शेत आठवतं. आमच्याकडे शेत बटाईनं देतात. आखाजी (अक्षय तृतीया) ते आखाजी. बटाईदार चांगला नाही निघाला तर पुढच्या वर्षी दुसरा बघायचा. सातबारा घरातच असतो. विकलेल्या शेताचं तसं नाही. इंग्लंडनं पाण्याचा सातबाराच देऊन टाकला. कंपनीचा परवाना विनाकारण काढायचा तर 25 वर्षं आधी नोटीस द्यावी लागते, आणि सगळं विकत परत घ्यायचं तर पैसे कुठून आणायचे, यावरच गाडी अडते.

इथल्याच रेल्वेचं बघा. गाड्या चालवायला कंत्राटावर दिल्या होत्या, म्हणून आता करार संपेल तसं सरकार त्या परत घेतंय. मे 2025 मध्ये साउथ वेस्टर्न ही रेल्वे कंपनी परत आली. रूळ मात्र थेट विकले होते. रुळांची ती कंपनी 2001 मध्ये कोलमडली तेव्हा कुठे ते सरकारच्या पंखाखाली आले.

आणि जळगावनं हे आधीच करून पाहिलंय, हे नाना विसरतात. 2011 मध्ये शहराचं वीज वितरण एका खासगी कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिलं होतं. 2015 मध्ये करार रद्द झाला, कारभार परत सरकारी कंपनीकडे. तारा, खांब, सबस्टेशन तिच्याच नावावर होते, म्हणून चार वर्षांत ते जमलं. त्या चार वर्षांबद्दल आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. मला मात्र परत घेता आलं याचंच अप्रूप वाटतं. थेम्सकाठच्या लोकांना ते पस्तीसहून अधिक वर्षांत जमलेलं नाही.

काकांचंही सगळं खरं नाही. यावल-रावेरकडे डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की केळीवाले वर्गणी काढतात, ट्रॅक्टरवर टाकून स्वतःच तालुक्याला नेतात. मालकी सरकारची आणि हमाली शेतकऱ्याची. असल्या कारभाराचा कंटाळा आलेल्या माणसाला 'सरकारीच बरं' म्हणणं मला लांबून शोभत नाही. तो कंटाळाच विक्रीला गिऱ्हाईक मिळवून देतो, हेही खरं.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं, लांबलचक. काकांनी लाइकचा अंगठा टाकला. नानांचं उत्तर तासाभरानं आलं, अहिराणीत : 'भाऊ, तू आधी तुन्हं पानीनं बिल भर.'

भरलं. यंदाचा दुसरा हप्ता.