साखर वाचवते हे खरं, पण ती साखर येते कुठून?

नमस्कार सर,

अळी तगते ती अंगातली चरबी जपून वापरल्यामुळे, असं मांडणाऱ्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा मुख्य आक्षेप असा की कोरड्या हवेत सूत्रकृमीची, म्हणजे धाग्यासारख्या बारीक कृमीची, अळी तगते ती ट्रेहॅलोज या साखरेमुळे. चरबी हे नुसतं इंधन, मी तिला उगाच डोक्यावर बसवलं. शिवाय 'प्रयोगशाळेतल्या किड्याचं इंदुरात काय कौतुक?' हा टोला.

ट्रेहॅलोजबद्दल वाद नाहीच. तुमचा तो प्रयोगशाळेतला किडा, सी. एलेगन्स, हा जेमतेम एक मिलिमीटरचा सूत्रकृमी. गर्दी, उपासमार किंवा उष्णता वाढली की त्याची अळी नेहमीची वाट सोडून 'डाउअर' अवस्थेत, म्हणजे वाढ थांबवून नुसतं तगून राहण्याच्या अवस्थेत जाते. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की ही अळी आधी ९८ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवली, तर ती भराभर ट्रेहॅलोज बनवते आणि मग कडक वाळवणही सोसते. ज्यांना ट्रेहॅलोज बनवताच येत नाही, त्या अळ्या मरतात. इथवर तुमचंच म्हणणं.

पण डाउअर अळीचं तोंड बंद असतं हो! खाणं शून्य. मग एवढी साखर आणायची कुठून? तुम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंत, तेव्हा मेदाम्लांपासून (चरबी ज्यांची बनते त्यांपासून) निव्वळ ग्लुकोज बनत नाही हे तुमच्या मनात येणारच. आपल्या शरीरापुरतं ते बरोबर आहे. सूत्रकृमीकडे मात्र ग्लायॉक्झिलेट मार्ग आहे, मोड येणारा भुईमूग तेलाची साखर करतो तोच. त्याच गटाने २०१६ मध्ये हा मार्ग बंद पाडून पाहिला: अळीत पुरेसं ट्रेहॅलोज साठलं नाही आणि ती वाळवणात टिकली नाही. म्हणजे तुम्ही जिला श्रेय देता ती साखर मुळात चरबीतूनच येते.

'फक्त इंधन' हेही मला पटत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या नार्बोन आणि रॉय यांचं २००९ चं काम बघा (माझ्या मते या विषयातलं सगळ्यात देखणं). डाउअर अळी महिनोन्महिने जगते, कारण एएमपीके हे एन्झाइम चरबी फोडणाऱ्या लायपेजला आवरून धरतं. एएमपीके काढून टाकलं तर साठा तेवढाच असूनही अळी तो भसाभस उडवते आणि लवकर मरते. शरीरातल्या पाण्याचा समतोल राखणारी व्यवस्थाच कोलमडते. कणगी भरलेली असून भागत नाही, माप कुणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं. जाड अळी जास्त जगेल असा अर्थ तुम्ही माझ्या लेखातून काढलात. माझा मुद्दा साठ्याच्या आकाराचा नव्हता, तो किती सावकाश आणि कशासाठी खर्च होतो याचा होता.

आणि डाउअर व्हायचं की नाही, हा निर्णयसुद्धा बराचसा मेदांच्याच भाषेत होतो. गर्दी झाल्याचा निरोप देणारे अ‍ॅस्कारोसाइड म्हणजे साखरेला जोडलेली आखूड केलेली मेदाम्लं. उलट, परिस्थिती बरी असेल तर 'वाढत राहा' सांगणारं डाफाक्रोनिक आम्ल कोलेस्टेरॉलपासून बनतं, आणि ते कोलेस्टेरॉल या कृमीला स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच मिळवावं लागतं.

आता इंदूर. सी. एलेगन्स राहू दे, सांवेर-देपालपूरकडे वांगी-टोमॅटो लावणाऱ्या कुणालाही मुळांवरच्या गाठी दाखवा. त्या करणाऱ्या सूत्रकृमीची अंड्यातून निघालेली अळी मूळ सापडेपर्यंत काहीही खात नाही, अंगातल्या चरबीवर हिंडते. माती तापलेली असेल तर हिंडणं वाढतं, चरबी लवकर सरते आणि मग मूळ समोर आलं तरी आत शिरायची ताकद उरत नाही. पीक न लावता रान रिकामं ठेवण्याचा फायदा यातूनच येतो. वैशाखातली खोल नांगरणी वेगळ्या रीतीने काम करते: ती अंडी आणि अळ्या वर आणून उन्हात वाळवते. सगळी मरत नाहीत, अंडी चिवट असतात. पण रान रिकामं म्हणजे तणसुद्धा नको असं रिकामं. बरीच तणंही या कृमीला आसरा देतात, आणि बांधालगत चार झाडं हिरवी राहिली तर उपाशी अळीची तिथे सोय होते.