मूल पुस्तक फाडणारच

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांबद्दलची चर्चा इंग्लंडमध्ये बसून वाचताना एक गोष्ट खटकत राहते. बालविभाग आधुनिक करायचा म्हटलं की पहिली मागणी संगणकाची, दुसरी बारकोडची, मग ई-बुकं, आणि पैसे उरले तर भिंतीवर कार्टून. मूल आणि पुस्तक यांच्या मध्ये जे उभं आहे त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. काचेचं कुलूपबंद कपाट, अनामत, दंड, आणि शाळा सुटते नेमकं तेव्हा बंद असलेलं दार. इथल्या ग्रंथालयांनी मुलांसाठी केलेले जे बदल टिकले, त्यांतले बहुतेक यंत्राचे नव्हते. मूल पुस्तक मळवणार, फाडणार, कधी हरवणार, हे धरून चालायचं आणि पुढची आखणी करायची, हा त्यांचा पाया होता. आपल्याकडे अजून पुस्तकालाच मुलापासून जपलं जातं.

याचं कारण ग्रंथपालाच्या स्वभावात शोधू नये, ते दाखलनोंद वहीत आहे. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, आणि तपासणीच्या वेळी आकडा जुळायलाच हवा. ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते आणि वर्गावर अनुदान ठरतं. 2022 च्या अखेरीस सरकारने अनुदानात 60 टक्के वाढ केली तेव्हा सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाचं वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजारांवर गेलं. म्हणजे तेव्हा महिन्याला 4 हजार. त्यातच माणसाचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं आणि पुस्तकंही. एवढ्यावर काम करणाऱ्याला हरवलेल्या पुस्तकाचा जाब द्यावा लागणार असेल, तर तो किल्ली कमरेलाच लावणार. त्याला ‘आधुनिक व्हा’ म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे?

आता मांडणी पाहू, कारण खरा फरक तिथे पडतो आणि खर्च सुताराच्या दोन दिवसांच्या मजुरीपलीकडे फारसा जात नाही. चार वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण 90 सेंटिमीटरवर असते. सहा फुटी लोखंडी रॅकचे वरचे तीन कप्पे त्याच्यासाठी नसल्यातच जमा. इथे अगदी लहानांची चित्रपुस्तकं रॅकवर नसतातच. ती उघड्या लाकडी खोक्यांत असतात, खोक्याची कड मुलाच्या कमरेशी येते, आणि मुखपृष्ठं समोर करून ठेवलेली पुस्तकं मूल एकेक पुढे ढकलत पाहतं. खोकं पाऊण भरायचं. गच्च भरलं की छोट्या हातांना पुस्तक ढकलता येत नाही, कोपरे मुडपतात आणि मूल पहिल्या चार पुस्तकांवरच थांबतं. मोठ्या मुलांचा रॅकसुद्धा चार फुटांच्या वर जात नाही.

मुखपृष्ठ दिसेल असं ठेवलेलं एक पुस्तक, नुसता कणा दिसेल अशा वीसेक पातळ पुस्तकांची जागा खातं. त्यामुळे सगळी तशी ठेवता येत नाहीत. तीस-चाळीस निवडायची आणि गेली की लगेच नवी लावायची. योजना नेमकी इथे बारगळते. उद्घाटनाच्या आठवड्यात मांडणी देखणी असते, नंतर पुस्तकं घरी जातात, रिकाम्या जागा तशाच राहतात आणि महिन्याभरात कणे दिसणारी गर्दी परत येते. रिकामी जागा भरणं हे रोज कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं काम असावं लागतं. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरतात.

आपल्याकडे त्याआधीची एक अडचण आहे. पुस्तक टिकावं म्हणून ते बाइंडिंगला जातं आणि परत येतं ते रेक्झिनच्या एकरंगी पुठ्ठ्यात, मूळ चित्र गायब. किंवा त्यावर खाकी कव्हर चढतं. वाचता न येणारं मूल पुस्तक निवडतं ते मुखपृष्ठ पाहून, आणि आपण नेमकं तेच काढून टाकतो. बाइंडरला एवढंच सांगायचं: मूळ कव्हर कापून पुठ्ठ्यावर चिकटव, वरून पारदर्शक फिल्म लाव. मराठीतली बरीच चित्रपुस्तकं सोळा-चोवीस पानांची, मधोमध दोन पिना मारलेली असतात. दमट हवेत पिन गंजते, गंज कागद खातो, आणि मधलं जोडपान सुटतं. पुस्तक दाखल करतानाच पिना काढून घडीवर तीन भोकं पाडायची आणि जाड दोऱ्याने शिवायचं. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, तिथून थेट खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि गाठ घडीच्या आतल्या बाजूला. पाच मिनिटांचं काम, पण त्यावर पुस्तक कितीतरी जास्त हातांतून फिरतं.

दंडाबद्दलचा वाद मला सर्वांत जास्त फसवा वाटतो. ‘दंड नसेल तर पुस्तकं परत येणार नाहीत’ हे आपल्याकडे सिद्ध झाल्यासारखं बोललं जातं. आयर्लंडने 2019 च्या सुरुवातीला उशिराचा दंड देशभर बंद केला, त्याच वर्षी शिकागोने आणि 2021 मध्ये न्यूयॉर्कने. शिकागोत त्यानंतर जुनी, विसरलेली पुस्तकं घटण्याऐवजी जास्त संख्येने परत आली. न्यूयॉर्कमध्ये थकलेल्या दंडापायी सुमारे 4 लाख लोकांची कार्डं अडकून पडली होती. उशीर झाला की रक्कम वाढते, पालक टाळाटाळ करतात, पुस्तक घरात पडून राहतं आणि मूल पुन्हा त्या दारात जात नाही. ग्रंथालयाच्या हाती ना पुस्तक येतं ना दंड. या शहरांनी धाक सोडला असंही नाही. ठरावीक मुदतीनंतर पुस्तक हरवलं असं धरून त्याची किंमत खात्यावर लागते, आणि पुस्तक आणून दिलं की ती पुसली जाते. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी मुलांना उशिराचा दंड नाही आणि अनामत तर कुणालाच नाही.

अनामतीला परदेशाचा दाखला नको असेल तर शेजारी पाहा. कर्नाटकने 2020 मध्ये ‘ओदुव बेळकु’ या उपक्रमात ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांना मोफत सभासदत्व दिलं. कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर गोळा होतो, आपल्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात तो नाही, हा फरक मोठा आहे. पण सभासद अर्जावरचा अनामतीचा रकाना काढायला उपकर लागत नाही.

आता यंत्राकडे. आरएफआयडी म्हणजे पुस्तकाला चिकटवलेला चपटा टॅग. मूल पाच पुस्तकं एकदम मशीनवर ठेवतं आणि पाचही त्याच्या नावावर लागतात. चालतं तेव्हा छान चालतं. बालविभागात मात्र अडतं, कारण चित्रपुस्तकं पातळ. सगळ्यांचे टॅग मागच्या कव्हरच्या एकाच कोपऱ्यात असले की ते थेट एकमेकांवर येतात आणि मशीन पाचातली तीनच वाचतं. टॅगची जागा पुस्तकागणिक बदलावी लागते: एकाला वर, पुढच्याला मध्ये, त्यापुढच्याला खाली. चमचमत्या धातूच्या फॉइलचं कव्हर असेल तरी टॅग वाचायला त्रास होतो, लोखंडी रॅकला टेकलेल्या टॅगचंही तेच. निविदेच्या कागदात यातलं काही लिहिलेलं नसतं.

पण मशीनचा खरा हिशेब वेगळा आहे. देवघेवीतून माणूस मोकळा झाला तर तो मुलांमध्ये बसू शकतो, हा त्यामागचा युक्तिवाद. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी मशीन आलं आणि माणूस गेला. 2010 नंतरच्या दहा वर्षांत देशभरात जवळपास 800 ग्रंथालयं बंद झाली. पुष्कळशी उरली ती स्वयंसेवकांच्या भरवशावर, आठवड्यातले थोडे तास. तेही इंग्लंड-वेल्समध्ये 1964 च्या कायद्याने ग्रंथालयसेवा देणं स्थानिक परिषदांवर बंधनकारक असताना. ‘तिकडे बघा’ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं. आपल्याकडे अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत. गावात, पायी जाण्याच्या अंतरावर, कितीही मोडकळीला आलेली असोत. असं जाळं मोडल्यावर पुन्हा उभं करणं किती कठीण, ते इथे दिसतंय.

इथलं उचलण्यासारखं काय, तर सुरुवात किती लवकर होते ते. 1992 मध्ये बर्मिंगहॅमला 300 बाळांना पुस्तकं देऊन ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं. आता पहिल्या वर्षाच्या आत बाळाला पुस्तकांची पिशवी मिळते, पुष्कळदा घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेकडून. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आणि आशा आधीच त्या घरात जातात. 1999 पासून इथल्या ग्रंथालयांत उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनाचं आव्हान असतं, बहुतेक ठिकाणी सहा पुस्तकांचं. सहाच, कारण वाचनात मागे असलेल्या मुलालाही ते पुरं करता यायला हवं. पन्नासचं लक्ष्य ठेवलं की आधीच वाचणारी मुलंच बक्षिसं नेतात. आणि दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गोष्टींचा तास. अर्धा तास पुरे. दोन पुस्तकं, मध्ये चार-पाच बडबडगीतं, सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दर वेळी तेच, म्हणजे दोन वर्षांच्या मुलालाही आता काय होणार ते कळतं. पुस्तक मागच्या रांगेतून दिसेल एवढं मोठं हवं आणि पानावर दोन-तीन ओळींहून जास्त मजकूर नको. लांबलचक बोधकथा वाचायला घेतली की सातव्या मिनिटाला मुलं उठून चालू लागतात, आणि दोष मोबाइलला दिला जातो. हा कार्यक्रम वर्षातून एकदा, 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी, टेबलावर पुस्तकं रचून आणि फोटो काढून होत नाही. 16 ऑक्टोबरला ती पुस्तकं कुठे असतात, ते ग्रंथालयात जाणाऱ्या कुणालाही विचारा.

यातलं जवळपास सगळं आजच्या निधीत थोडंथोडं सुरू करता येईल, एका अटीवर: फाटलेलं पुस्तक वहीतून बाद करणं सोपं झालं पाहिजे. निर्लेखनाची पद्धत आज संदर्भकोशाला आणि सोळा पानी चित्रपुस्तकाला सारखीच. यादी, ठराव, मंजुरी. ती लांबते म्हणून चुरगळलेली पुस्तकं कपाटात राहतात, ग्रंथसंख्या शाबूत दिसते आणि नवी पुस्तकं आत कुलपात जातात. बालविभागासाठी वेगळी, छोटी वही ठेवावी. ठरावीक किमतीखालचं पुस्तक सरसकट वापरून संपणारी वस्तू म्हणून नोंदवावं. ग्रंथपालाच्या सहीने वर्षाला बालविभागाचा ठरलेला हिस्सा, समजा दहावा, बाद करता यावा आणि तेवढ्याच नव्या प्रतींची तरतूद अनुदानातच असावी. वर्ग ठरवताना बालविभागाची ग्रंथसंख्या न मोजता वर्षभरात किती पुस्तकं घरी गेली ते मोजावं. त्यासाठी नियमात दुरुस्ती लागेल, आणि अनुदानवाढीसाठी निवेदनं देणाऱ्या ग्रंथालय संघांनी तीही मागणी त्याच कागदावर लिहावी.