वटवाघळांचं झाड तोडा म्हणे!

'वटवाघळं मुद्दाम पडीक, झपाटलेल्या जागा निवडतात. ती लटकतात ते झाड वाळतं. रात्री रक्त पितात. निपाह यायच्या आत झाड तोडा, फटाके लावून हाकला.' हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण आत्याने तो घरच्या ग्रुपवर टाकून खाली विचारलंय, "आपल्या मारुतीमागच्या चिंचेचं काय करायचं रे?"

पडीक जागा? उलट, फळं खाणारं मोठं वटवाघूळ जागेच्या बाबतीत भलतं चोखंदळ असतं. वड, पिंपळ, चिंच, अर्जुन असं उंच, पसरलेलं जुनं झाड त्याला लागतं. ते लटकल्या जागेवरून खाली झेपावत पंख उघडतं, म्हणून फांद्यांखाली मोकळी जागा हवी. जवळ पाणी हवं: तळ्यावरून उडता उडता पोट भिजवायचं आणि मग ती ओली लव चाटायची, ही त्याची पाणी प्यायची रीत. एप्रिलच्या दुपारी झाडाखाली उभे राहा, पंखांनी वारा घेत लटकलेली दिसतील. शिवाय रात्री उंबर, जांभूळ, मोह मिळेल असा मुलूख हवा. असली जुनी झाडं आता उरलीत कुठे? देवळामागे आणि स्मशानात, कारण तिथे कुऱ्हाड घालायला कोणी धजत नाही. आणि दोष वटवाघळांना!

झाड वाळतं म्हणे. दाटीने लटकतात तिथली पानं झडतात, खरंय. पण पिढ्यानपिढ्या त्याच झाडावर असतात ना? वाळलं असतं तर लटकली कशावर असती?

आता निपाह, म्हणजे वटवाघळांकडून माणसांत येऊ शकणारा जीवघेणा विषाणू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला होता, तेव्हा संबंधच नाही असं मी म्हणणार नाही. पण हाकलणं हा उपाय? निपाहचा सख्खा भाऊ म्हणजे ऑस्ट्रेलियातला हेंड्रा. तो वटवाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसांना होतो. तिथल्या 1996 ते 2020 च्या नोंदी तपासणारा अभ्यास 2022 मध्ये 'नेचर'मध्ये आला. हिवाळ्यात फुलणारी जंगलं तुटली तशी उपाशी वटवाघळं लहान लहान टोळ्यांनी वस्ती आणि कुरणांजवळ येऊन राहिली, आणि घोड्यांना लागण वाढली. ज्या हिवाळ्यांत उरलेलं जंगल भरभरून फुललं, तेव्हा ती तिकडे गेली आणि लागण थांबली. म्हणजे चिंच तोडून आपण त्यांना लांब नाही, आणखी दारात आणणार. खबरदारी घ्यायचीच तर दात लागलेलं फळ खाऊ नका, खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावू नका.

चिकू-पेरूवाल्यांचं नुकसान होतं, तेही मान्य. बागेवर जाळी टाका.

राहिलं रक्त. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती, तिन्ही मेक्सिको ते दक्षिण अमेरिका या पट्ट्यातल्या. आपल्या मारुतीमागे त्यातली एकही नाही.