अण्णांच्या टेबलावरचं रत्नागिरी केंद्र

गणपती झाल्यावर माझे वडील, अण्णा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे आले. वय ऐंशी, गाव दापोली तालुक्यात. पिशवीत दोन जोड कपडे, औषधांचा डबा आणि चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर. आल्या दिवशीच संध्याकाळी त्यांनी तो गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, चारी दिशांना फिरवून पाहिला, काटा सावकाश पुढे-मागे केला आणि आत येऊन खुर्चीत बसले. "बाय, तुझ्या घरात रेडिओ लागत नाही गो."

अगदीच लागत नव्हता असं नाही. पुणे केंद्र ऐकू येत होतं, पण खरखरीखाली दबलेलं. रत्नागिरी केंद्र मात्र इतक्या लांब लागण्याचा प्रश्नच नव्हता, आणि अण्णांना हवं होतं तेच. माझ्या लहानपणी आमच्या ओटीवर ११४३ किलोहर्ट्झवर ते दिवसभर चालू असायचं. भाताला खत कधी टाकायचं, समुद्र खवळलेला असताना होड्या काढायच्या की नाही, हे आम्हाला तिथून कळायचं.

खरखरीचं कारण मी नंतर शोधून काढलं. ही केंद्रं जिथे लागतात त्या मीडियम वेव्हचा पट्टा साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, राउटरचा अडॅप्टर, इन्व्हर्टर यांच्या पोटातली सर्किटं सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात आणि त्यांचा सगळा गोंगाट याच पट्ट्यात येऊन पडतो. घरातले दिवे मालवून पाहिले तर आवाज बराच निवळला. पण खालच्या-वरच्या मजल्यांवरचे दिवे कोण मालवणार? शहरात जुना सेट मुका होतो तो असा. दोष सेटचा नसतो.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण वाचन, टीव्ही, मोबाइल काही दिवस कमीच ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे माणसाने दिवसभर करायचं काय? कान तेवढे मोकळे होते. मी अकाउंट्सचं काम घरूनच करते, माझा जुना कॉम्प्युटर पडून होता. तो त्यांच्या खोलीत टेबलावर मांडला, दोन साधे स्पीकर जोडले. आकाशवाणीच्या 'न्यूजऑनएअर' साइटवर देशभरातली केंद्रं थेट ऐकायला मिळतात. ते पान उघडलं, ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत जाऊन 'अॅप म्हणून इन्स्टॉल' केलं आणि डेस्कटॉपवर त्याचं चिन्ह सगळ्यात मोठं करून ठेवलं. दुसरं काहीच ठेवलं नाही. हिरव्या डोळेपट्टीखालून अण्णांना तेवढं एक चिन्ह दिसलं की पुरे.

रत्नागिरी केंद्र लागलं. एकही खरखर नाही. अण्णा काही बोलले नाहीत. खुर्ची थोडी पुढे ओढली आणि हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शेजारच्या खोलीत बसून बोलल्यासारखं वाटतंय." तीनशे किलोमीटरवरचं केंद्र!

तेव्हापासून मी या विषयाचा फार विचार करतेय. कॉम्प्युटरवर रेडिओ ऐकणं आणि फोनवर ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोनवर रेडिओ लावला की कुणाचा तरी कॉल येतो, मेसेजची टिंगटिंग होते, हात आपोआप दुसरीकडे जातो. कॉम्प्युटरवर तो एका कोपऱ्यात चालू राहतो आणि आपण आपलं काम करत राहतो. कारखान्यातल्या माणसाला 'कामगार सभा', घरातल्या बाईला 'वनिता मंडळ' ज्या पद्धतीने सोबत करत होते, तीच ही पद्धत. आज लाखो माणसं आठ-दहा तास पडद्यापुढे बसतात. ऑफिसं, दुकानं, डीटीपीवाले, सायबर कॅफे, तहसीलच्या बाहेरचे अर्ज भरून देणारे. त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता कॉम्प्युटरच आहे. आणि खर्च तरी किती? ६४ केबीपीएस वेगाने येणारा आवाज तासाला जेमतेम २९ एमबी घेतो. दहा तास ऐकलं तरी ३०० एमबीच्या आत.

म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या सार्वजनिक प्रसारकाने कॉम्प्युटरसाठी स्वतःचा एक हलका प्रोग्रॅम द्यायला हवा. २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाच्या वेळी प्रसार भारतीने 'वेव्हज' हे अॅप आणलं. दूरदर्शन, आकाशवाणी, जुने कार्यक्रम एका छताखाली आले. चांगलंच झालं. 'न्यूजऑनएअर' साइटवर प्रादेशिक बातमीपत्रांचा आवाज आणि मजकूर दोन्ही मिळतात. सकाळचं बातमीपत्र चुकलं तर मी दुपारी वाचते, आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना तर त्याचं मोल विचारूच नका. म्हणजे माल सगळा आहे. तो टेबलावर मांडायचं राहिलंय.

दक्षिण कोरियात हे २००६ पासून आहे. केबीएस आणि एमबीसी हे तिथले प्रसारक. केबीएसचं 'काँग' आणि एमबीसीचं 'मिनी' हे खास कॉम्प्युटरवर रेडिओ ऐकण्याचे छोटे प्रोग्रॅम. 'मिनी'वरून श्रोता चालू कार्यक्रमाला तिथल्या तिथे निरोप पाठवतो. मला आपल्याकडची फर्माइशी गाण्यांची 'आपली आवड' आठवते. पोस्टकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहून पाठवायची आणि मग आठवडेच्या आठवडे कान लावून बसायचं. ती ओढ आपल्या लोकांत आजही आहे. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारकाने २०११ साली आपली रेडिओ केंद्रं इंटरनेटवर आणली, तेव्हा त्यामागे हेच कारण होतं: उंच इमारतींमुळे आणि विजेच्या उपकरणांच्या गोंगाटामुळे शहरात रेडिओ नीट ऐकू येईनासा झाला होता. अण्णांची गॅलरीतली अडचण टोकियोतल्या माणसालाही होतीच की.

मला त्या प्रोग्रॅममध्ये फार काही नको. उघडला की कालचंच केंद्र लागावं. केंद्रांची नावं मराठीत आणि मोठ्या अक्षरात असावीत. सातच्या बातम्यांना 'सह्याद्री' एका क्लिकवर दिसावी आणि चित्र नको असेल तर नुसता आवाज चालू राहावा. लॉगिन नको, मोबाइल नंबर नको. ट्रान्झिस्टरने कधी आपलं नाव-गाव विचारलं होतं का? सध्या ब्राउझर बरेचदा स्वतःहून आवाज सुरू होऊ देत नाहीत, पान उघडल्यावर एकदा तरी क्लिक करावं लागतं. तुमच्या-माझ्या हाताला ते जाणवतही नाही. पण डोळ्याला पट्टी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला माउसचा बाण आवाज सुरू करायच्या त्या त्रिकोणावर नेऊन ठेवणं किती कठीण जातं ते मी रोज पाहिलं. अण्णांचा हात थरथरतो, बाण बाजूला सरकतो, पुन्हा आणायचा. चौथ्या-पाचव्या वेळी ते मला हाक मारायचे.

अधिकृत प्रोग्रॅम नसला की लोक मिळेल ते उतरवून घेतात, हाही एक मोठा धोका. मी स्वतः केलंय. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा साइटवरून 'सगळी रेडिओ स्टेशनं एकाच ठिकाणी' असा एक प्रोग्रॅम घेतला. त्यासोबत आणखी काय काय आलं कळलं नाही. ब्राउझरचं पहिलं पान बदललं, जाहिरातींच्या खिडक्या उघडायला लागल्या, मशीन रडतखडत चालायला लागलं. महिन्याची १९ तारीख, दुसऱ्या दिवशी जीएसटी रिटर्नची मुदत आणि मी रात्री एक वाजता कॉम्प्युटर फॉरमॅट करतेय! तेव्हा कृपा करून, ऐकायचं असेल तर प्रसारकाच्या स्वतःच्या साइटवरूनच ऐका. आईवडिलांना लावून देताना तर डोळ्यांत तेल घालून पाहा.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या दृष्टीने ही जास्त महत्त्वाची.

गेल्या काही वर्षांत देशातले मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर एकेक करून बंद होताहेत. लोक ऐकत नाहीत, वीज फार लागते, अॅप आहेच की, अशी कारणं दिली जातात. हे मला मान्य नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या घरावरची कौलं उडाली, मागची पोफळीची बाग आडवी झाली. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. मोबाइलचे टॉवर बंद, लँडलाइन बंद. मी पुण्यात फोन लावून लावून वेडी झाले होते. चौथ्या दिवशी अण्णांचा आवाज ऐकला. त्या काळात त्यांच्याजवळ बाहेरच्या जगाची खबर देणारी एकच वस्तू होती, तीन सेलवर चालणारा हाच ट्रान्झिस्टर. रात्री मुंबई केंद्र लावून वाडीतली आठ-दहा माणसं ओटीवर बसायची. त्या रात्री कुठलं अॅप चाललं असतं?

अॅपला वीज हवी, राउटर हवा, टॉवर हवा, मधली सगळी साखळी शाबूत हवी. ट्रान्समीटरचं तसं नाही. तो लांब सुरक्षित जागी उभा असतो आणि ऐकणाऱ्याला लागतात फक्त सेल. म्हणून कॉम्प्युटरवरचा रेडिओ ट्रान्समीटरच्या जोडीला आला पाहिजे, त्याच्या जागी येता कामा नये. ज्यांच्या हातात हे निर्णय आहेत त्यांनी पावसाळ्यात एकदा किनारपट्टीवर येऊन राहावं एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

वेळेचीही एक गंमत अण्णांनीच दाखवली. एका सकाळी त्यांनी कॉम्प्युटरवरच्या बातम्यांना आपलं चावीचं घड्याळ लावलं आणि नातवाच्या फोनशी ताडून पाहिलं तर ते मागे. मग त्यांनी गॅलरीतला ट्रान्झिस्टर आणि टेबलावरचा कॉम्प्युटर, दोन्हींवर पुणे केंद्र लावलं. निवेदिकेने खरखरीतून एक वाक्य म्हटलं आणि तेच वाक्य अर्ध्या मिनिटाने खोलीतून स्वच्छ ऐकू आलं. इंटरनेटवर आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि मध्ये खंड पडू नये म्हणून दोन-तीन तुकडे साठल्यावरच ते वाजायला लागतात. त्यामुळे हा उशीर. मी समजावून सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे ह्याच्यावर घड्याळ लावायचं नाही."

दिवाळीआधी अण्णा गावी परतले. कॉम्प्युटर घेऊन जा म्हटलं तर नको म्हणाले, इथेच असू दे, पुढच्या वेळी लागेल. आता मीच काम करताना रत्नागिरी लावते. सकाळी त्यांना फोन करते तेव्हा मागे त्यांचा ट्रान्झिस्टर चालू असतो. आधी फोनमधून, त्यांच्या ओटीवरून, एक वाक्य ऐकू येतं. आम्ही औषधांचं, गुडघ्याचं बोलत असतो, आणि तेवढ्यात माझ्या टेबलावरून तेच वाक्य पुन्हा येतं. "आलं का तुझ्याकडे?" अण्णा विचारतात.

आलं, अण्णा.