चौथा स्क्रू

मामांनी मस्कतहून आणलेला जपानी कॅसेट डेक कित्येक वर्षं माळ्यावर होता. बिघाड एवढाच, की आतल्या रबरी बेल्टचं पार डांबर झालेलं. झाकणाचे चार स्क्रू काढायचे, नवा बेल्ट चढवायचा, दहा मिनिटांचं काम. तीन स्क्रू निघाले.

चौथ्यावर जोर लावला तसा फुलीचा स्क्रूड्रायव्हर कटकन उसळला आणि फुलीची वाटी झाली. जपानी स्क्रूची फुली दिसते हुबेहूब फिलिप्ससारखी, पण घडण जरा वेगळी; आपलं टोक तळाला टेकतच नाही. ओळख म्हणून पुष्कळदा डोक्यावर इवलासा ठिपका असतो. तो मला वाटी झाल्यावर दिसला. (हा फिलिप्स म्हणजे अमेरिकेतला हेन्री फिलिप्स, पेटंट १९३६ चं. रेडिओवाली फिलिप्स नेदरलँड्सची, १८९१ ची. इंग्रजीत एका 'एल'चा फरक, मराठीत तेवढाही नाही. मी जन्मभर दोघांना एकाच घरचे समजत होतो.)

मे महिना, अमळनेरचं ऊन, आणि पंखा बंद, कारण वाऱ्याने वॉशर उडतात. शेजारचे आबा आले.

"काय करी राह्यना रे भो?"

मी म्हटलं, "आबा, लोखंडाचा गंज झाला की तो जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे आवळून बसतात."

"आते त्याले समजाड."

मग दुधाच्या पिशवीचं रबर मध्ये धरून फिरवून पाहिलं. रबर तुटलं. तेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी तेल टेबलक्लॉथवर, स्क्रू जागच्या जागी. सोल्डरिंग आयर्नने पाच मिनिटं तापवला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कपाशीच्या पऱ्हाट्या आणू का जाळायला? भरताच्या वांग्याचं साल तरी सुटतं त्याने!"

शेवटी आबाच घरून छिन्नी घेऊन आले. स्क्रूच्या डोक्याच्या कडेला तिरपी धरली आणि उलट्या बाजूने हळूहळू ठोकत राहिले. टक, टक, टक. आठव्या की नवव्या ठोक्याला स्क्रू केसभर सरकला. मी टाळी वाजवली. पुढे तो पक्कडीने अगदी गरिबासारखा निघाला.

झाकण उचललं. आत पट्टी होती, पट्टीला सात स्क्रू. सातांवर ठिपका.

आबांनी पाट ओढून घेतला आणि आत हाक मारली, "सूनबाई, चहा टाक वं."