सिंगापूरची सहल, मार्चची तारीख

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर परवा एका सर्क्युलरवरून जुंपली. सुनीलची पोरगी नववीत, शाळेची सहल डिसेंबरात सिंगापूरला. सुनील निवांत होता, तिचा पासपोर्ट आधीच काढलेला. शेखरनं सुनीलच्या मोबाइलमधला त्या पासपोर्टचा फोटो मोठा करून मुदतीची शेवटची तारीख वाचली. येता मार्च.

"भिया, यावर नाही जमायचं."

"अरे, डिसेंबरात तर चालू आहे ना?"

"तिथे सहा महिने शिल्लक लागतात. री-इश्यूला टाक, नवा काढून घे."

आपला दहा वर्षांचा असतो म्हणून पोरांचाही तितकाच, असं धरून चालतात लोक. पोरांचा पाच वर्षांचा, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते. पंधरा उलटल्यावर दहाचा मागता येतो.

विवेक पेटला. "चाळीस पोरं, चाळीस पासपोर्ट! युरोपात अख्ख्या वर्गाला एकच चालतो."

चालतो, काही देशांत. 1961 चा करारच आहे तसा. पण शेखर ऐकतोय होय! "ब्रिटननं ऑक्टोबर 2021 पासून पासपोर्टऐवजी युरोपीय ओळखपत्रं चालवणं बंद केलं, तेव्हा फ्रान्सच्या शाळांचं तिकडे जाणं घटलं. 2023 संपता संपता फ्रेंच शाळांच्या गटांना पुन्हा सूट द्यावी लागली. हे सगळं दोन देशांनी ठरवायचं असतं, तुझ्या हेडसरांनी नाही."

"मग नेपाळला न्या की," नाना म्हणाले. "पासपोर्टच नको."

इथे खरी गंमत. पंधराच्या आतल्याला आधार चालतं. पंधरा ते अठराला मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळखपत्र. नववीत दोन्ही वयांची पोरं, म्हणजे एकाच बाकावर दोन नियम. तरी मला नानांचंच पटलं. सुनीलला नाही. "काठमांडूला काय, आम्ही घरचेच जाऊन येऊ," म्हणाला. सिंगापूरचा रुबाब सुटत नव्हता त्याचा.

"बरं, तत्काळमध्ये?"

"दोन हजार जास्तीचे. पण ॲनेक्श्चर डी, पोरांच्या पासपोर्टला पालकांच्या संमतीचा फॉर्म, तो भर आधी. आईबाप दोघांच्या सह्या."

"आणि एकाची नसेल तर?"

"तर ॲनेक्श्चर सी, कारण लिहून. ते एकट्या पालकासाठी असतं. तुझी बायको घरीच आहे ना?"

सुनील चहा अर्धा टाकून उठला. वहिनी रात्रीच्या गाडीनं पुण्याला माहेरी निघाल्या होत्या.