वाचक बटण दाबत नाही, म्हणून इंटरॅक्टिव्ह बातमी निकामी ठरते का?

‘इंटरॅक्टिव्ह बातम्या म्हणजे नुसता झगमगाट. वाचक फक्त स्क्रोल करतो, हे न्यूयॉर्क टाइम्सनेच मान्य केलंय. पुरस्कारांसाठी चाललेला महागडा हौसेचा कारभार!’ वाचक नुसतं वाचण्याऐवजी स्वतः काही करत, पाहत पुढे जातो अशा बातम्यांबद्दलचं हे मत पत्रकारांमध्ये बरंच फिरतं. मला ते साफ अमान्य आहे.

आधी न्यूयॉर्क टाइम्सचा दाखला पाहू. तिथले ग्राफिक्स संपादक आर्ची त्से २०१६ मध्ये म्हणाले होते की वाचकाला क्लिक करायला लावायचं, तर त्यातून काहीतरी जबरदस्त हाती लागलं पाहिजे. म्हणजे उगाच बटणं लावू नका. वाचकाला सहभागीच करू नका, असा अर्थ त्यातून कसा निघतो? २०१३ मध्ये याच दैनिकाने अमेरिकी बोलींवर प्रश्नमंजुषा दिली. तुम्ही अमुक गोष्टीला काय म्हणता, हे सांगत जायचं आणि शेवटी तुमची बोली कुठल्या भागाशी जुळते याचा नकाशा मिळायचा. ती आली २१ डिसेंबरला. वर्ष संपायला जेमतेम दहा-अकरा दिवस उरले होते. तरीही त्यांच्या संकेतस्थळावर त्या वर्षी सर्वाधिक पाहिलं गेलेलं पान तेच ठरलं. लोकांनी एकेक उत्तर निवडत ती सोडवली, कारण बातमीचा विषय ते स्वतः होते.

शिवाय क्लिक म्हणजेच सहभाग, हेही चूक. मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टन पोस्टने साथ कशी पसरते हे हलत्या ठिपक्यांनी दाखवलं. ठिपके दर वेळी नव्याने, वेगळ्या वाटांनी फिरायचे. वाचकाने फक्त खाली सरकत जायचं. अंतर राखल्याने रुग्णसंख्येचा चढ कसा बसतो, हे लोकांना डोळ्यांसमोर दिसलं.

पुरस्कारांचं म्हणाल तर ‘स्नो फॉल’ या न्यूयॉर्क टाइम्सच्या २०१२ मधल्या, नकाशे आणि चित्रफितींनी सजलेल्या बातमीकडे बोट दाखवलं जातं. पण तिला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं ते फीचर लेखनासाठी! वॉशिंग्टन राज्यातल्या हिमस्खलनात तिघांचा जीव गेला; जॉन ब्रँच यांनी वाचलेल्यांशी बोलून तो दिवस उभा केला. नकाशे आणि चित्रफिती त्या बातमीदारीच्या आधाराने उभ्या होत्या.

राहिला खर्च. २००९ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या खर्चाची साडेचार लाखांहून जास्त पानं खुली झाली, तेव्हा गार्डियनने आठवड्याभरात एक साधं साधन बनवून ती वाचकांपुढे ठेवली. वीस हजारांवर लोक ती चाळायला बसले. तपासण्याजोगी पानं खूण करून देऊ लागले. एवढा ढिगारा कुठल्या वृत्तपत्राच्या कचेरीने एकटीने उपसला असता, ते टीकाकारांनी सांगावं.